बाईचं नाव

माय गेली त्याच्या आदल्या दिवशी आमच्या खळ्यात हळद शिजत होती.

सकाळपासून हळदीचा कुकर पेटलेला होता. टाक्यांच्या झाकणांतून वाफ फुसफुसत बाहेर यायची आणि कच्च्या हळदीचा मातकट, उग्र वास अंगाला चिकटून बसायचा. जवळा बाजारच्या रस्त्यापर्यंत शिवारात आणखी दोन ठिकाणी असाच धूर उठला होता. पश्चिमेला मात्र आभाळ बरं दिसत नव्हतं. औंढ्याच्या डोंगरामागून एक जांभळट पट्टा वर सरकत होता. वारा मधूनच असा थांबायचा की कुकरची वाफ खांबासारखी सरळ उभी राहायची.

"काहून थांबला गं वारा?" द्वारकाआत्या म्हणाली. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती तरुणपणीच माहेरी परत आली आणि तेव्हापासून आमच्या घरात तिचाच शब्द चालत आलेला.

"गारा पडत्यात का काय," खेमाबाबा म्हणाला. त्यानं टाकीतून एक गरम कांडी उचलली, तिच्यात बाभळीची काडी टोचली. "शिजली. काडी आरपार गेली. उतरवा."

खेमाबाबा आमचा जुना सालगडी. पंच्याहत्तरी ओलांडली, आता कामाला येत नाही, पण हळद शिजायच्या दिवशी त्याला घरी करमत नाही.

"पुने, धर की ते ताडपत्रीचं टोक!" आत्या माझ्यावर खेकसली. "एवढी शिकली ग्यानबाची लेक, पर टोक धरायला येईना हिला."

"कालेजात ताडपत्री नसती द्वारकाबाई," खेमाबाबा म्हणाला.

"तू गप. तुझ्या तोंडात दात न्हाईत, तरी बोलायची हौस लई."

"दात चावायला लागत्यात. बोलायला कशाला?"

माय हसली. पदर तोंडाला लावून, आवाज न करता. तिचं हसणं नेहमीच असं होतं. शेजारी बसलेल्या माणसाला खांद्याच्या हालचालीवरूनच कळायचं.

मी हिंगोलीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. लग्न केलं नाही. आईबापांना मी एकटीच. त्या वर्षी महिनाभराची रजा काढून आले होते ती हळदीसाठी नव्हे, भाटासाठी. आमच्या घराण्याची वंशावळ भाटाच्या वहीत आहे. पूर्वी तो बैलगाडीतून यायचा, गावात मुक्काम करायचा, प्रत्येक घरापुढं बसून मागची नावं वाचायचा आणि नवी लिहून घ्यायचा. आमच्याकडे शेवटचा आला तो १९८० साली. त्यानंतर कोणी फिरकलं नाही. यंदा त्या भाटाचा मुलगा हिरासिंग पाडव्याला येतो म्हणून आबांना फोन आला. आबा मला म्हणाले, "पंचेचाळीस वर्षांचं राहिलंय. तू समदं नीट लिहून ठेव."

मी मन लावून लिहिलं होतं. हंड्याकळशांवर कोरलेली नावं आणि तारखा उतरवून घेतल्या. मायच्या लग्नातला पितळी हंडा अजून आहे, त्याच्यावर 'सौ. पंचफुला, २-५-८२' असं आहे. शाळेचे जुने दाखले पाहिले. म्हाताऱ्या माणसांशी बोलले, त्यांचा आवाज फोनमध्ये भरून घेतला. दोनशे पानी वही अर्धी भरली होती आणि तिच्यात दोन टिपा अशा होत्या ज्यांच्याबद्दल मला जरा अभिमान वाटत होता.

पहिली टीप मायच्या गळ्यातल्या टाकाची. मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात ती चांदीचा एक पातळ पत्रा घालायची, अंगठ्याच्या नखाएवढा. त्याच्यावर बाईची आकृती होती, झिजून जवळजवळ सपाट झालेली. नवं लुगडं, नवी बांगडी, सणाचा पहिला घास, काहीही असो, माय आधी ते टाकाला लावायची आणि हळू आवाजात म्हणायची, "घ्या बाई. आधी तुमी." आमच्याकडे देवीलाही बाई म्हणतात. मी वहीत लिहिलं होतं : 'कुलदेवतेस घरात केवळ "बाई" असे संबोधण्याची प्रथा.'

दुसरी टीप विहिरीची. आमच्या खालच्या रानातल्या विहिरीला गाव 'केवळीची हीर' म्हणतं. घरात मात्र तिला 'खालची हीर' म्हणतात. तिचं पाणी हळद शिजवायला चालतं, पिकाला चालतं. प्यायला कोणी घेत नाही. मी लिहिलं होतं : '"केवळी" हा शब्द बहुधा "केळी"चा अपभ्रंश. पूर्वी तेथे केळीची बाग असावी.'

हे लिहिताना एक गोष्ट मला आठवली होती. ती मी वहीत लिहिली नाही. मी दुसरीत असताना शाळेतून येऊन मायला विचारलं होतं, "माय, केवळी म्हणजे काय गं?" ती हळद पाखडत होती. उठली, आणि तिनं तिचा पिवळा हात माझ्या तोंडावर असा दाबला की मला श्वास घेता येईना. मारलं नाही. नुसती दाबून धरून राहिली, आणि तिचे डोळे माझ्याकडे नव्हते, आत्या कुठं आहे ते बघत होते. कितीतरी वेळ माझ्या ओठांना हळदीची कडू चव होती. त्यानंतर मी तो शब्द कधी उच्चारला नाही. चौतीस वर्षं. लिहिला, पण उच्चारला नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर मी हिंगोलीहून आणलेलं लुगडं मायला दिलं. हिरवं, बारीक लाल काठाचं. तिनं घडी मोडली नाही. काठ टाकाला लावला.

"घ्या बाई. आधी तुमी."

"माय, मी हे लिहून घेतलंय बरं का," मी म्हणाले. फोनवर आवाज भरायला लावून तो मी तिच्यापुढं पोत्यावर ठेवला. "हा टाक तुला कोणी दिला?"

ती टाकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "भाट पाडव्याला येणार, व्हय?"

"हो."

"त्याच्या वहीत आधीचं बी असतंय? आमच्या लगनाच्या आधीचं?"

"सगळं असतं."

"कोणी म्हणलं खोड, तर खोडतो का तो?"

"खोडत नाहीत ते. लिहिलं ते लिहिलं."

"बरं हाय मंग," माय म्हणाली. तिनं घडी पुन्हा नीट केली. "पुने, मला तुला एक सांगायचं हाय. तू भाषा शिकलेली. मला बोलता येत न्हाई तसं. तूच विचार, म्या सांगते."

"काय विचारू?"

ती तोंड उघडणार तोच वारा सुटला. थांबलेला वारा एकदम. ताडपत्रीचं एक टोक फाडकन उडालं, खळ्याच्या कडेचा कडबा उधळला आणि पश्चिमेचा तो पट्टा डोक्यावर आला. आत्या ओरडली, "हळद भिजती! पुने! पंचफुले! मेल्या का समद्या?"

मी उठले. "उद्या बोलू, माय. उद्या निवांत विचारते."

"उद्या," माय म्हणाली.

आम्ही धावून ढीग झाकले. चार टपोरे थेंब पडले आणि ढग तसेच पुढं निघून गेले, गारा न टाकता. आत्या म्हणाली, "आपल्यावरचं टळलं." खेमाबाबा खालच्या विहिरीकडे बघत होता. तिच्यावरचं जुनं लोखंडी रहाट, ज्याला आता दोरही नाही, वाऱ्यानं आपोआप फिरत होतं आणि कुरकुरत होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर चहा ठेवून माय हळद उघडायला खळ्यात गेली. चहा उतू गेला तरी आली नाही. मी गेले. ती ढिगाशेजारी मांडी घालून बसलेली होती, मागच्या पोत्याला टेकून, उजवा हात मनगटापर्यंत हळदीत. दुसऱ्या हाताच्या मुठीत टाक. मी "माय" म्हटलं. मग खांद्याला हात लावला. दवाखान्यात नेलं, पण नेताना मला माहीत होतं.

सवाष्ण गेली, म्हणून मळवट भरला, हिरवं लुगडं नेसवायचं ठरलं. मी आणलेलं तेच. बायका न्हाऊ घालत होत्या. मी लुगड्याची घडी मोडली आणि माझा हात आपोआप तिच्या गळ्याकडे गेला. काठ टाकाला लावला. "घ्या बाई," मी म्हणाले.

आत्यानं माझा हात झटकला. तिनं दोरा तोडला आणि टाक स्वतःच्या मुठीत घेतला.

"हे हिच्यासंगं जाळायचं न्हाई. हिरीत सोडून द्यायचं."

"देवीचा टाक विहिरीत सोडायचा?" मी विचारलं.

"देवी कुठली आलीय, येडे?" आत्या बोलून गेली.

पाणी ओतणाऱ्या दोन्ही म्हाताऱ्यांचे हात थांबले. एकमेकींकडे बघितलं, आणि पुन्हा पाणी ओतायला लागल्या. मी आत्यासमोर तळहात पसरला आणि तसाच धरून राहिले. मी कधी आत्याशी भांडले नव्हते. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं आणि टाक माझ्या तळहातावर ठेवला. टाक गरम होता, तिच्या मुठीमुळे.

*

पाचव्या दिवशी दुपारी मी फोन उघडला. मला मायचा आवाज ऐकायचा होता, दुसरं काही नाही. "हा टाक तुला कोणी दिला?" हे माझं वाक्य आलं. मग तिचे प्रश्न. मग वारा, आत्याची हाक, "उद्या बोलू, माय." तिथं ते संपायला हवं होतं. मी फोन बंद न करता तशीच उठून पळाले होते. ताडपत्रीचा फडफडाट बराच वेळ होता. मग अगदी जवळून, दम लागलेला, मायचा आवाज. ढीग झाकून ती लुगडं उचलायला परत आली असावी. ती माझ्याशी बोलत नव्हती.

"बाई, उद्या सांगते पोरीला. पाडव्याला भाट येऊन राहिला. त्याच्या वहीत तुमी हाव. तवा तरी कोणी नाव घेईल तुमचं. मला काही घेता आलं न्हाई." मग थोडं थांबून, "तवाच घेतलं असतं तर."

मी ते चार वेळा ऐकलं. मग टाक पदराच्या गाठीत बांधला आणि खेमाबाबाच्या घरी गेले.

तो ओसरीवर दोर वळत बसला होता. मी टाक त्याच्या पुढं ठेवला.

"बाबा, ही कोण?"

त्यानं दोर खाली ठेवला. टाक उचलला नाही.

"तुला न्हाई माहीत? खरंच न्हाई माहीत?"

"नाही."

"वही लिहून राहिली म्हणं तू घराण्याची."

"म्हणूनच विचारते."

"केवळी," तो म्हणाला. "केवळाबाई. कनेरगाव नाक्याची लेक. ग्यानबाची पहिली बायको. तुझी थोरली माय."

मग त्यानं सांगितलं. मध्ये थांबत, दोराचा पीळ उलगडत, पुन्हा वळत.

लग्नाला पाच वर्षं झाली तरी केवळीची कूस उजवली नाही. मग पंचफुला आणली. केवळी घरातच होती. पंचफुलाच्या अंगाला लावायची हळद केवळीनंच दळली होती. कोणी सांगितलं नव्हतं, स्वतःहून दळली. "रडली न्हाई. जात्यावर वव्या बी म्हणल्या तिनं." पंचफुला सतरा वर्षांची. थोरलीचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून ती तिला बाई म्हणायची. "दोघींचं बरं जमायचं. ते द्वारकाबाईला बघवंना. तिनं केवळीचं ताट येगळं केलं. तिच्या हातचं पाणी पिणं बंद केलं घरानं."

लग्नानंतर चोविसाव्या दिवशी, भर उन्हात, दोघी खालच्या विहिरीवर पाण्याला गेल्या.

"म्या पलीकडच्या पट्टीत पाळी घालून राहिलो होतो," खेमाबाबा म्हणाला. "ग्यानबा बांधावर होता, लिंबाखाली. दोघांनी बी ऐकलं. तुझी माय हाका मारून राहिली होती. बाई, ओ बाई, बाई. लई येळ."

"मग?"

"मग काय? बाया हिरीवर एकमेकींला हाका मारतातच. आमाला वाटलं, बायाबायांचं काही चाललं असंल. ग्यानबा म्हणला बी, या बायांना काम न्हाई." त्यानं दोर गुडघ्यावर दाबून धरला. "पडली म्हणली असती, मेली म्हणली असती, निदान केवळी म्हणून वरडली असती तरी म्या औत सोडून पळालो असतो. पर नवी नवरी. तोंडातून दुसरा शब्दच फुटंना तिच्या. बाई बाई करत राहिली. मंग आवाज बसला तिचा. आवाज बंद झाला तवा आमी गेलो."

"बाबा, ती पडली की..."

"ते तुझ्या मायलाच ठावं. तिला कोणी विचारलंच न्हाई. म्या गळ टाकून काढली तिला, एवढंच मला ठावं."

मी उठले तेव्हा तो म्हणाला, "पुनम, त्या हाका मला अजून ऐकू येत्यात. दर उन्हाळ्यात."

*

ग्रामपंचायतीच्या जुन्या मृत्यू नोंदवहीत ती होती. एक ओळ. 'केवळाबाई ग्यानोबा, वय २३, विहिरीत पडून, २६-५-८२.' मी बोटांवर मोजलं. हंड्यावरच्या तारखेपासून चोवीस दिवस. हा हंडा मी इतकी वर्षं चिंचेनं घासत आले होते.

घरी आले. आत्या भाकऱ्या थापत होती.

"आत्या, मला कळलं," मी म्हणाले.

ती थांबली नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"खेम्यानं सांगितलं आसंल. मरायला टेकलंय, तरी त्वांड उघडंच." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कळलं तर पोटात ठेव. तोंडानं नाव घिऊ नको. तुझ्या आधी एक पोरगं झालं होतं तुझ्या मायला. गोरं, नाकेलं. आठव्या दिवशी गेलं. भगत म्हणला, थोरली घरात हाय, तिचा टाक करून धाकटीच्या गळ्यात घाला, अन् नाव घेऊ नका. नाव घेतलं की ती येती. म्हणून तू जगलीस. मला वाईट म्हण, पर तू जगलीस."

तिच्या आवाजात खोटेपणा नव्हता. खरोखरची भीती होती, त्रेचाळीस वर्षं सांभाळलेली. माझ्या तोंडावरचा तो पिवळा हात मला तेव्हा पहिल्यांदा कळला. माय मला गप्प करत नव्हती. मला वाचवत होती.

"आणि भाट?" मी विचारलं. "त्याच्या वहीत तिचं नाव आहे."

"वहीत ऱ्हाऊ दे. वहीतलं कोण वाचतं? ग्यानबाला सांगितलंय म्या, तिथवर आलं की गप बस म्हणून."

त्या दिवसापासून घरात मला बरं वाटेना. आबा माझ्या समोरून उठून जायचे. ताडपत्रीखालची हळद वाळत होती, पण रोज दुपारी वारा थांबायचा आणि पश्चिमेला तोच जांभळा पट्टा यायचा, पुढं न सरकता तिथंच राहायचा. खालच्या विहिरीवरचं रहाट वारा नसतानाही कुरकुरतं, असं मजुरीच्या बायका म्हणायला लागल्या. मी एकदा जाऊन बघितलं. ते स्थिर होतं. तरी मी काठाजवळ गेले नाही.

*

तेरावा होऊन चौथ्या दिवशी पाडवा होता. दुखवट्याचं घर म्हणून आम्ही गुढी उभारली नाही. दहाच्या सुमाराला हिरासिंग मोटारसायकलवरून आला. पन्नाशीचा, कानात बाळ्या, मागं लाल कापडात बांधलेली वही. आम्ही खळ्यात सतरंजी टाकली. आजूबाजूचे लोक जमले, कारण पंचेचाळीस वर्षांत कोणी हे पाहिलं नव्हतं. खेमाबाबा काठी टेकत आला आणि बांधाकडेला बसला.

हिरासिंगनं वही कपाळाला लावली. गुडघ्याएवढी लांब, अरुंद, पानं तंबाखूच्या रंगाची.

"रीत सांगतो," तो म्हणाला. "नाव म्या वाचत न्हाई. नाव घरानं घ्यायचं, तोंडानं, समद्यांच्या देखत. म्या वहीत बघतो. वहीत असलं की बोट ठिवतो अन् म्हणतो, हाय. मंगच खाली नवं लिहितो. बापजाद्याची रीत हाय."

आबा सांगायला लागले. त्यांचा आवाज चांगला होता.

"सटवाजी."

"हाय."

"सटवाजीचा मुंजाजी."

"हाय."

"मुंजाजीच्या घरात साखरा गावची लेक, रखमाबाई."

"हाय."

"मुंजाजीची थोरली लेक द्वारका. धाकटा ग्यानोबा."

"हाय, हाय." हिरासिंगचं बोट खाली सरकलं आणि थांबलं. "ग्यानोबाच्या घरात?"

आबा सतरंजीकडे बघत होते.

"पंचफुला," ते म्हणाले.

हिरासिंगनं वहीत पाहिलं. मग आबांकडे पाहिलं.

"न्हाई."

"न्हाई म्हंजे? माझी बायको. गेली परवा. लिव्हा."

"लिहितो की आबा. पर तिच्या वर एक ओळ भरलेली हाय. माझ्या बापाच्या हातची. वरचीचं नाव घेतल्याबिगर खालचीचं लिहिता येत न्हाई."

"म्या सांगितलं लिव्हा म्हणून," आबा म्हणाले. आवाज आता चांगला नव्हता.

"तुमी नुसतं नाव घ्या. एवढंच. म्या काही इचारत न्हाई."

वारा थांबला होता. जमलेल्या लोकांतले साठीच्या वरचे सगळे खाली बघत होते, आणि मला कळलं की त्या सगळ्यांना ठाऊक आहे, पहिल्यापासून ठाऊक होतं. माझ्या फोनमध्ये त्या प्रत्येकाचा आवाज होता. मी त्यांना केळीच्या बागेबद्दल विचारलं होतं आणि ते हो म्हणाले होते.

"ऱ्हाऊ द्या मंग," आत्या म्हणाली. "पंचफुलाचं बी लिहू नका. काय अडलंय? लिहिल्यानं काय माणूस परत येतंय? ग्यानोबाच्या पुढं रेघ मारा अन् मिटवा."

"रेघ मारली तर पोरीचं बी येत न्हाई," हिरासिंग म्हणाला. "मायेबिगर लेकरू कसं लिहू?"

"नका लिहू. पोरीनं तरी कुठं पुढं वाढवलंय?"

मी आबांकडे बघत राहिले. एकदा त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलले, आणि त्यांची नजर खालच्या विहिरीकडे जाऊन परत आली. त्यांनी तोंड मिटलं. लिंबाखाली बसून त्यांनी ज्या हाका ऐकल्या, त्या त्यांनाही दर उन्हाळ्यात ऐकू येतात का, हे मी कधी विचारलं नाही.

हिरासिंगनं लाल कापड उचललं. वहीच्या पानाला हात घातला.

मी उभी राहिले. माझ्या ओठांवर कडू चव आली. पदराची गाठ सोडली, टाक मुठीत घेतला. मायनं धरला होता तसाच.

"पुने," आत्या म्हणाली. ती ओरडली नाही. ती विनवत होती. "पुने, तुझ्या पाया पडते. नको."

"आत्या, मी चाळीशी ओलांडली," मी म्हणाले. "आता आली तर येऊ दे. तिचंच घर आहे."

मी भाटाकडे तोंड केलं नाही. खालच्या रानाकडे केलं. तिथून विहिरीचा काठ दिसतो आणि ते रहाट. खाली पाण्यावर एक पितळी घागर तरंगते आहे आणि काठावर सतरा वर्षांची एक मुलगी उभी आहे, हळद अजून न उतरलेली, असं मला दिसलं. तिच्याजवळ एकच शब्द होता, आणि तो पुरला नाही. मला दुसरा ठाऊक होता.

बांधाकडेला खेमाबाबा काठी टाकून उठला. पळायला निघालेल्या माणसासारखा.

मी श्वास घेतला आणि ओरडले, अंगात होता तेवढा जोर लावून, साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं.

"केवळा! केवळाबाई! ओ केवळाबाई!"